लाकडी पंखा

बाबांनी शेंद्रा गावातल्या शेडमध्ये स्वतःचं छोटं विमान बांधलं, तेव्हा पुढच्या पंख्यावरून आमचं वाजलं. विमान दुरुस्ती शिकलेली मी म्हणाले, "ॲल्युमिनियमचा घ्या. लाकूड उन्हाळ्यात आकसतं, पावसाळ्यात फुगतं. दर मोसमाला बोल्ट तपासावे लागतील."

"मंग येत जाय की तू तपासायला," म्हणत त्यांनी लाकडीच घेतला. पुण्याहून कुरकुरत का होईना, मी येत राहिले.

गेल्या वर्षी नजर अधू झाली आणि त्यांनी विमान विकलं. घेणाऱ्याला लाकडी पंखा नको होता. तो बाबांनी बैठकीत भिंतीवर लावला.

काल त्यांचा फोन आला. "तनुजा, इथं पाऊस लई झालाय. पंखा फुगला असंल. येतीस का बघायला?"

बरं झालं, तेव्हा त्यांनी माझं ऐकलं नाही. मी पिशवीत आधी पाना टाकला.