विसरभोळा राजा

पडदा उघडला आणि मनिषाने नाटकाच्या पुस्तकातल्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. राजा समोर आला. राजा म्हणजे तिचा बाप, धर्मराज. आता हा पहिल्याच वाक्याला अडणार, हे विंगेत उभ्या असलेल्या मनिषाला ठाऊक होतं आणि समोर पोती टाकून बसलेल्या अख्ख्या गावालाही.

गावाने त्याचं नावच विसरभोळा राजा ठेवलं होतं. गडी देखणा, आवाज असा की शेवटच्या पोत्यावरच्या म्हातारीलाही ऐकू जावा, पण पाठांतराच्या नावानं बोंब. शिरूर कासारजवळच्या या गावातली माणसं दरसाल ऊस तोडायला निघायची आणि निघण्याआधी दिवेलागणीला हेच नाटक व्हायचं. दरसाल राजाचं घोडं अडायचं. मग विंगेतून त्याची बायको सुनिता त्याला वाक्य सांगायची. सांगायची कसली, म्हणायचीच! रागाचं वाक्य रागाने, रडायचं वाक्य रडत. "आमच्याकडं नाटक दोनदा ऐकू येतं," लोक हसायचे, "आधी सुनिताचं, मागून धर्मराजाचं." पुढे पुढे तर तो अडायच्या आधीच ती वाक्य सांगून मोकळी व्हायची.

मनिषाला त्या हसण्याचा राग यायचा. गेल्या साली आईचं अंग तापाने फणफणलं होतं. "माय, पडून ऱ्हा. दुसरं कुणी बी सांगंल," मनिषा म्हणाली होती. आई उठलीच. "माझ्याबिगर तुझ्या बापाचं नाटक उभं ऱ्हात न्हाई," म्हणाली आणि विंगेतल्या बांबूला धरून शेवटपर्यंत उभी राहिली. डोळे तापाने नुसते चमकत होते. त्यानंतर ती उसाच्या फडावर गेली आणि तिथेच न्युमोनियाने संपली. डॉक्टर काहीही म्हणोत, मनिषाच्या लेखी आईला त्या उभं राहण्यानेच नेलं. बापाने मन लावून पाठांतर केलं असतं तर आई त्या दिवशी अंथरुणात असती.

तेव्हापासून ती बापाशी बोलली नव्हती. आजही वडवणीहून, सासरहून आली ती त्याच्यासाठी नव्हे. नाटक बसवणारे बद्रीनाथमामा तिच्या दारात येऊन हात जोडून म्हणाले होते, "पोरी, तुझा आवाज डिट्टो तुझ्या मायचा हाय. तू न्हाई आलीस तर नाटक बुडलं समज." माहेरच्या गावाचं हसं होऊ नये म्हणून ती आली. बाप यंदा तोडीलाही निघणार नव्हता. तोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. मागे एकटा उरला तो अर्धा. अर्ध्या कोयत्याला मुकादम फारसं विचारत नाही.

मनिषाने वाक्य ओठांवर आणलं. तेवढ्यात राजा बोलला.

बोलला तो बोलतच गेला. कुठे अडणं नाही, अडखळणं नाही. पुस्तकातलं अक्षर इकडचं तिकडे नाही. लोक आधी चाट पडले. मग टाळ्या सुरू झाल्या. मिशी काढून राणी झालेला पप्पू तर इतका गडबडला की आपलंच वाक्य विसरला. शेवटी राणी मरते आणि राजाचं मोठं भाषण असतं. तिथे धर्मराज हमखास अडायचा आणि आई ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायची. तेही त्याने सरळ म्हटलं. मनिषाला पानं उलटण्यापलीकडे काम उरलं नाही.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे येत होतं याला!

पडदा पडला. धर्मराज मागच्या बाजूला पेटीवर बसून खोबरेल तेलाने तोंडाचा रंग पुसत होता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"एका वर्सात सगळं पाठ झालं व्हय, आप्पा?"

त्याने वर पाहिलं. लेक बोलली, याचंच त्याला आधी बरं वाटलं.

"न्हाई. पाठ पहिल्यापासनंच हाय."

"मंग मायला कावून उभं केलं? इतकी वर्सं? तापात बी?"

धर्मराजने फडकं खाली ठेवलं. अर्ध्या तोंडावर राजाचा रंग तसाच राहिला.

"लगीन होऊन आली, तवा तिला नाटकात काम पायजे होतं. लई हौस. शाळंत बक्षीस मिळालतं तिला. गाव म्हणलं, सुनंनं तोंडाला रंग लावायचा न्हाई. राणी बी बाप्याच हुईल. लई रडली. मंग मी अडायला लागलो. म्हणलं, हिनं सांगितल्याबिगर मला आठवतच न्हाई. तवा कुठं तिला हितं येऊ दिलं."

मनिषाला तो बांबू दिसला. त्याला धरून उभी असलेली आई दिसली, आणि तिचे ते चमकणारे डोळे.

"आज कावून न्हाई अडलात?" तिने विचारलं.

"आज कुणासाठी अडू?"

बाहेर लोक पोती झटकून घरी निघाले होते. जाता जाता कुणीतरी ओरडलं, "धर्मराज, यंदा लई पाठ केलंस बे!" मनिषाने खाली ठेवलेलं फडकं उचललं आणि त्याच्या उरलेल्या गालावरचा रंग हळूहळू पुसायला घेतला. रंग ओला झाला होता.

"मायला ह्यातलं काई म्हाईत होतं?"

"पहिल्याच वर्सी वळखलं तिनं," धर्मराज म्हणाला. "म्हणून तर मी अडायच्या आधीच बोलायची."