दोघांचा मासा

आईबाबांच्या लाडक्या समुद्री माशाच्या अंगावर पांढरे ठिपके उठले, तेव्हा मी त्याला वेगळ्या टाकीत ठेवून तांब्याचं औषध आणून दिलं. ठिपके गेले, पण मासा आडवा पडून धापा टाकायला लागला. पाणी नळीत घेऊन तपासलं, तर औषध दुप्पट. “रोज औषध कोण घालतं?” “मी,” आई म्हणाली. “मी,” बाबाही म्हणाले. वर्षभर अबोला धरलेल्या दोन शहाण्यांचे निरोप वाहून मी थकलेय. “एकमेकांना विचारायला काय झालं होतं?” “तिला सांग, नसत्या उठाठेवी नकोत,” बाबा म्हणाले. “त्यांना सांग, विसरतात म्हणून घातलं,” आई भिंतीला म्हणाली. “पाणी आत्ताच बदलायचंय, नाहीतर मरेल तो. खाऱ्या पाण्याची बादली जड आहे, कोणीतरी एक बाजू धरा.” दोघांचे हात पुढे आले, एकमेकांना लागले आणि मागे गेले. बादली मीच उचलली.