उत्तरेकडची भिंत

भिंत पुन्हा फुगली होती. नव्या व्हिसा दालनाला परवाच दिलेला रंग पोपडे धरून खाली येत होता. इंजिनियर बाई कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे अशा बघत होत्या, की मुकादम आपोआप दोन पावलं मागे सरकला.

बाईंचा राग साइटवर सगळ्यांच्या ओळखीचा होता. वकिलातीची जुनी इमारत तशीच ठेवून तिला एक मजला आणि एक दालन जोडायचं, असं काम. नकाशा आला थंड देशातून. ज्याने काढला त्याने उभ्या जन्मात दमट हवा पाहिली नसावी. जुन्या इमारतीला रुंद छज्जे होते, वर झरोके होते. ते त्याने दिसायला बरे नाहीत म्हणून छाटले आणि सगळीकडे बंद काचा लावल्या. आत एसीचा गारठा, बाहेर उकाडा आणि मधे बिचारी भिंत. तिला घाम फुटू नये तर काय व्हावं, असं बाई भेटेल त्याला विचारत.

बोलणी सगळ्यांनाच बसत. प्लंबरला, गवंड्याला, आणि सगळ्यात जास्त रंगाऱ्याला. त्याला सगळे लेखणी म्हणत, कारण तो ब्रश पेनासारखा तीन बोटांत धरायचा. कामात कच्चा, स्वभावाने गोगलगाय. बाई कडाडल्या की मान खाली घालून उभा राहायचा.

हा कुठला रंगारी धरून आणलात, असं मुकादमाने एकदा बाईंना विचारलं होतं. स्वस्तात मिळाला म्हणूनच डोकं खातोय, असं उत्तर आलं. तेव्हापासून मुकादमाने तो विषय काढला नाही.

वकिलातीचा नियम असा, की मजूर एकदा आत आला की काम संपेपर्यंत फाटकाबाहेर जायचं नाही. रोज सकाळ-संध्याकाळ कोण कुणाची झडती घेणार? म्हणून मागच्या अंगणात पत्र्याची शेड ठोकून दिली होती. जेवण तिथे, झोप तिथे. ये-जा फक्त बाईंची.

बाईंची मुलगी अजून अंगावर पीत होती. सकाळी निघताना ती ओढणी मुठीत पकडून ठेवायची. एकेक बोट हलकेच सोडवावं लागे. त्या इवल्या बोटांचा जोर बाईंना दुपारपर्यंत जाणवत राही. खांद्यावर दुधाचा डाग तसाच घेऊन त्या कामावर येत. नवरा घरात नव्हता. कुणी विचारलं तर सासूबाई 'गेला कुठेतरी' म्हणून दार लावून घेत. त्यावरून मुकादमाचं मत पक्कं झालं होतं: नवऱ्याने टाकलेली बाई, वड्याचं तेल वांग्यावर काढते.

फाटकासमोर, रस्त्यापलीकडे, एक पांढरी गाडी उभी असे. बाकी कुणी तिथे थांबलं तर शिपाई शिट्टी वाजवायचा, या गाडीला नाही. आतले दोघे काच खाली करून बाईंना विचारत, काम कधी संपतंय म्हणून. भिंतीला विचारा, असं म्हणून बाई न थांबता पुढे जात.

गेल्या महिन्यात वर्तमानपत्रात लिहिणारा एक तरुण कुंपणावरून आत पडला होता. पाय मोडला होता, तरी आसरा द्या म्हणून हात जोडत होता. वकिलातीच्या सचिवसाहेबांनी त्याला चहा पाजला आणि स्वतः फाटकापर्यंत सोडून आले. पांढऱ्या गाडीचं दार उघडंच होतं. इथल्या भानगडीत आम्ही पडत नाही, हे साहेबांनी नंतर सगळ्यांना फार सौजन्याने सांगितलं. कुंपण आणखी उंच करायला सांगितलं. त्या दिवशी बाई कुणावरच ओरडल्या नाहीत, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

आज तेच साहेब भिंतीसमोर उभे होते.

"सोमवारी उद्घाटन आहे," ते म्हणाले. "भिंत कोरडी नसेल, तर मंगळवारी इथे दुसरी माणसं काम करतील."

"आणा की. त्यांनाही हीच भिंत मिळेल."

"बाई, जबाबदारी तुमची आहे."

"छज्जे तुम्ही छाटलेत, झरोके तुम्ही बुजवलेत. बाहेर लोक लेकरं काखेत घेऊन उन्हात उभे असतात, त्यांच्या डोक्यावर वीतभर सावली ठेवली नाहीत. आणि जबाबदारी माझी? हे पाणी काय मी ओतते?"

साहेबांनी भिंतीला तळवा लावला. तो ओला झाला. त्यांनी रुमालाने एकेक बोट पुसलं. मग म्हणाले, छज्जे परत बांधा. उद्घाटन पाऊस ओसरल्यावर बघू. तोवर सगळी माणसं आहेत तिथेच राहतील.

ते गेल्यावर मुकादम हसून म्हणाला, "बाई, आज साहेबांची बोबडीच वळवलीत तुम्ही."

"दात नंतर दाखवा. जेवून घ्या आधी."

सगळे शेडमध्ये जेवायला बसले. बाई आपला डबा उचलून भिंतीच्या मागच्या बाजूला गेल्या, रोज जात तशा. भिंतीकडे बघत एकट्याच जेवतात, असं मुकादमाला वाटायचं.

परांचीच्या आडोशाला लेखणी उभा होता. पायाशी पाण्याने भरलेल्या दोन बादल्या. त्याने डबा घेतला, पण उघडला नाही. आधी तिच्या खांद्यावरच्या दुधाच्या डागावर बोट टेकवलं.

"आज बाबा म्हणाली?"

"म्हणाली. तुझ्या फोटोला."

"आणि गाडी?"

"आहे."

तिने पहिली बादली उचलली आणि सावकाश, आवाज होऊ न देता, भिंतीवर ओतली.