खालचं घर

जीप दारात थांबली तेव्हा सासूबाई बटाटे सोलत होत्या आणि सून खिडकीच्या पडद्याआड उभी होती. हवाई दलाच्या तळावर अपघाताचा भोंगा वाजला की त्या वसाहतीतल्या सगळ्याच बायका पडद्याआड उभ्या राहतात. फोन कुणी कुणाला करत नाही. जीप कुठल्या दारात थांबते तेवढं बघायचं, आणि आपल्या दारावरून पुढे गेली की श्वास सोडायचा.

जीप पुढे गेली नाही.

एक साहेब उतरले, टोपी काखेत धरून. मागून डॉक्टरीणबाई. साहेब नुकतेच बदलून आलेले. दारावर नावाची पाटी नव्हती, नुसता आकडा होता. तो त्यांनी पुन्हा पुन्हा वाचला.

"तुम्ही त्यांच्या आई?"

"मग काय शेजारीण दिसते मी?" सासूबाई म्हणाल्या. जीव घाबरला की त्यांची जीभ जास्तच चालायची.

साहेबांनी मान खाली घातली. सरावाचं उड्डाण होतं, म्हणाले. वळताना विमान एकदम खाली आलं. बाहेर उडी घ्यायला वेळच मिळाला नाही. नाव त्यांनी घेतलं नाही. असल्या वेळी नाव तोंडातून निघत नाही माणसाच्या.

"सराव म्हणजे शाळाच ना?" सासूबाईंनी विचारलं.

"तसंच म्हणा, आई."

"मग शाळेत जाऊन कुणी मरतं का हो?"

साहेबांनी टोपी या काखेतून त्या काखेत घेतली. सासूबाईंनी पुढचा बटाटा उचलला. सोलला. त्याच्या मागचाही सोलला. हात थांबेनात. सालपटं परातीत पडायची सोडून मांडीवर पडत होती. सून पडदा मुठीत धरून तशीच उभी. रडू येत नव्हतं, की रडायचं असतं हेच ती विसरली होती, कुणास ठाऊक.

डॉक्टरीणबाई तिच्याकडे गेल्या, मनगट धरलं, खुर्चीत बसवलं. हळूच विचारलं, "पोटात कळ वगैरे नाही ना? बाळ हलतंय?"

"बाळ?"

"सातवा लागलाय ना तुम्हाला?"

"मला?"

सुनेने स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. सपाट पोट. तरी नीट पाहिलं, जणू आपल्यालाच कळायचं राहून गेलं असावं. मग सासूकडे पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी साहेबांकडे पाहिलं आणि साहेबांनी दारावरच्या आकड्याकडे. आकडा बरोबर होता.

सासूबाईंच्या हातातली सुरी परातीत पडली.

खालचं घर त्यांचं नव्हतंच. त्यांचं वरचं. सासूबाईंचे गुडघे जिना चढू देईनात, तेव्हा खाली राहणारी पोरच म्हणाली होती, "काकू, तुम्ही या खाली. मला काय, मी पोट घेऊनसुद्धा पळत चढते." एका रविवारी सुनेचा नवरा आणि त्या पोरीचा नवरा, दोघेही वैमानिक, यांनी मिळून सामान वर-खाली केलं. कचेरीत कळवायला हवं, असं मुलगा म्हणाला होता. सासूबाईंनी त्याला उडवून लावलं, "चार भांडी न् दोन गाद्या हलवायच्या, त्याला साहेबाची सही कशाला?" सगळेच हसले होते. कचेरीच्या लेखी खालच्या घरात अजून ती पोरच राहत होती.

"माझा मुलगा," सासूबाई म्हणाल्या. सुनेनेच उठून साहेबांना नवऱ्याचं नाव सांगितलं.

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. "ते? ते तर तळावर आहेत. आज ते उडालेच नाहीत."

सून मटकन खाली बसली आणि आता कुठे तिला रडू फुटलं. सासूबाईंचे हात आपोआप वर गेले, जोडायला. जुळायच्या आतच वरच्या दाराची कडी वाजली.

सगळ्यांनी छताकडे पाहिलं.

जिन्यावर चपला वाजू लागल्या. एकेक पायरी, कठड्याला धरून, सावकाश. पळत चढणारी पोर जपून उतरत होती. साहेब दाराकडे वळले, पण पाऊल उचलेना. सासूबाई गुडघ्यावर हात रेटून उभ्या राहिल्या.

ती आत आली. वरून तिने जीप पाहिली होती, खालच्या दारात थांबलेली. डोळे लाल. खाली बसून रडणारी सून तिने पाहिली आणि तिला काही विचारायची गरजच उरली नाही. साहेबांकडे, डॉक्टरीणबाईंकडे तिचं लक्षसुद्धा नव्हतं. सरळ येऊन तिने सासूबाईंना मिठी मारली. पोट मध्ये येत होतं, तरी घट्ट.

"काकू, मी आहे ना," ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "मोकळेपणी रडा. दाबून नका ठेवू."

सासूबाईंच्या तोंडाला जन्मात शब्द कमी पडले नव्हते. त्यांनी तोंड उघडलं. मिटलं. पोटातलं बाळ त्यांच्या पोटाला ढुशा देत होतं.

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची हलकेच त्या पोरीच्या मागे सरकवली.

"मला नको," ती म्हणाली. "आधी काकूंना बसवा."