बारावा पाय

अकराव्या पायाशी फादरांची कंबर धरली ती धरलीच. पवित्र गुरुवारी, येशूने शिष्यांचे पाय धुतले तसे, वसईच्या ख्रिस्ती देवळात फादर बारा गावकऱ्यांचे पाय धुवायचे. आता ते असे वाकून राहिले, की गवंड्याने ओळंबा लावला असता तरी सरळ झाले नसते.

अकरावा पाय इनासचा होता. “शेवटचा तूच धू रे,” फादर जमिनीकडे बघत म्हणाले.

शेवटच्या खुर्चीवर इनासचा थोरला भाऊ बस्त्याव. सामाईक विहिरीच्या पाण्यावरून दोघांचा अबोला इतका जुना, की त्यांच्या कुत्र्यांनीही एकमेकांवर भुंकणं सोडलं होतं. इनासला वाटलं, उठून घर गाठावं. पण सगळं देऊळ माना उंचावून बघत होतं, आणि फादरांनी तांब्या हातात दिलाच होता.

तो गुडघ्यांवर बसला. बस्त्यावच्या घोट्यावर सुरकुत्या पडल्या होत्या. म्हातारा झालाय, इनासच्या मनात आलं. त्याने सावकाश पाणी ओतलं, पाय पुसला आणि उठू लागला.

“थांब,” बस्त्याव म्हणाला. फादर उजवाच पाय धुवायचे, म्हणून सगळं गाव उजवाच घासून येई; बस्त्यावचा डावा केळीच्या चिकाने काळाकुट्ट होता. तोच त्याने पुढे केला. “हा फादरांना नसता दाखवला. तू घरचा.”

इनासने पाय निरखला. “दादा, याला अख्खी विहीर लागेल.”

“मग सकाळी ये की. आपलीच आहे.”