चित्रातली साखळी

“फक्त शिलाई कर, कोरिन. बाकी कशाला हात लावू नकोस.”

मिसेस ट्रॉटर यांचा या आठवड्यातला हा चौथा फोन. कोरिनने तो ठेवला, जवळजवळ आपटलाच. फिलाडेल्फियात जुनी पुस्तकं दुरुस्त करण्यात तिची एकवीस वर्षं गेली होती. मोठमोठी ग्रंथालयं तिच्याकडे पुस्तकं पाठवून निर्धास्त असत. आणि ही ब्याऐंशी वर्षांची बाई तिला काम शिकवत होती!

पुस्तक तळहाताएवढं. गुलामगिरी बंद व्हावी म्हणून १८४७ साली लहान मुलांसाठी छापलेल्या गोष्टी. शिलाई उसवली होती, हे खरं. पण खरी दुर्दशा अकराव्या पानाची होती. चित्रात गुडघे टेकलेला एक गुलाम, आणि त्याच्या दोन मनगटांमध्ये, साखळीच्या जागी, भलंमोठं भोक. ते रोज कोरिनच्या डोळ्यांत खुपे. असं पान तसंच परत द्यायचं? म्हातारी खर्चाला भीत असेल, झालं.

शेवटी कोरिनने ठरवलं, फुकट करू. दुसऱ्या एका प्रतीचा फोटो मागवला, पातळ कागदाचं ठिगळ लावलं आणि भिंगाखाली साखळीची एकेक कडी रेखली. जोड कुठे आहे, ते तिला स्वतःलाही दिसेना.

शनिवारी मिसेस ट्रॉटर आल्या. शिलाई पाहून त्यांनी मान डोलावली. मग अकरावं पान उघडलं आणि पुस्तक खिडकीच्या उजेडात धरलं.

“हे काय करून ठेवलंस?”

“नऊ दिवस खपले मी त्यावर!” कोरिन वैतागली. “पैसेही नकोत मला. निदान बरं झालंय एवढं तरी म्हणा. कुणा कार्ट्यानं कात्री चालवून पानाची वाट लावली होती.”

“ते कार्टं म्हणजे माझी खापरपणजी. सहा वर्षांची होती. तिचा बाप गुलाम, मेरीलँडच्या मळ्यावरून पळून आलेला. इथं, भर रस्त्यात, त्याला बेड्या घालून परत नेलं. तिच्या डोळ्यांदेखत.”

कोरिन खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसली.

“पुढं शाळेत हे पुस्तक मिळालं. चित्रातला माणूस तिला बापच वाटला. आईची कात्री घेतली आणि त्याला सोडवलं.” मिसेस ट्रॉटर यांनी नव्या साखळीवरून हलकेच बोट फिरवलं. “पावणेदोनशे वर्षं मोकळा होता गं तो.”