दोन प्रुफं

"दोन प्रुफं काऊन?" सोमाजी गुरुजींनी विचारलं.

पत्रू छापखानेवाला खिळे जुळवत होता. मान वर न करता म्हणाला, "दोनच आहेत जी. पाहून घ्या अन् सही करून द्या."

गुरुजी स्टुलावर टेकले. 'गावचा मास्तर आहो, कांताची पत्रिका पाहाले आलो' एवढंच त्यांनी आल्या आल्या सांगितलं होतं. एस.टी. स्टँडपासून इथवर येताना तीनदा बसावं लागलं. छातीत पाणी झालं होतं. नागपूरच्या डॉक्टरचा रिपोर्ट मागच्या आठवड्यात कांतानंच आणला, त्यांच्या एकुलत्या लेकीनं. "लग्नापर्यंत ठणठणीत होता बाबा तुमी," ती म्हणाली होती. लग्न महिन्यावर आलेलं. तेवढं डोळ्यांनी पाहायचं, मग काय व्हायचं ते होवो, असं गुरुजी रोज एकदा तरी बोलून दाखवत.

घरी कोणाला न सांगता ते सिंदेवाहीला आले होते. जित्याची खोड, दुसरं काय. गावातल्या एकाही बौद्ध घरची पत्रिका त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय छापली जात नसे; प्रुफं एरवी घरीच यायची. पूर्ण शब्द ओळीत मावत नाहीत, म्हणून जिवंत माणसाच्या नावाआधी 'आयु.', म्हणजे आयुष्मान, आणि गेलेल्याच्या नावाआधी 'कालक.', म्हणजे कालकथित. टिंब राहिलेलं त्यांना खपायचं नाही. रामाजीच्या पत्रिकेत एक राहिलं, तर या गृहस्थानं दोनशे पत्रिकांवर हातानं टिंबं दिली होती. अशा माणसानं पोटच्या पोरीची पत्रिका दुसऱ्याच्या भरवशावर कशी सोडावी?

पहिलं प्रूफ झकास होतं. दुसरंही तेच. तीच तारीख, तेच ठिकाण. गुरुजी ओळीखाली बोट धरून वाचत गेले. चौथ्या ओळीशी बोट थांबलं.

'कालक. सोमाजी व आयु. इंदुताई यांची कन्या.'

त्यांना आधी हसूच आलं. या पत्रूचा एक कान उपटायला हवा.

"हे चुकलं भाऊ. माणूस जिता आहे."

"चुकलं नाई जी. आज जिता आहे. पण डॉक्टरनं पंधराच दिवस सांगतले म्हणे, अन् लगीन महिन्यानं."

घरात सगळ्यांना ठाऊक होतं तर. गुरुजींना भयंकर भीती वाटली, आणि रागही आला. मग नजर पहिल्या प्रुफावर गेली. तिथं 'आयु. सोमाजी' असं स्वच्छ छापलेलं होतं, टिंबासकट. म्हणजे घरातल्या कोणीतरी अजून आशा सोडली नव्हती. त्यांनी तो कागद दोन्ही हातांनी धरला.

"मंग हे पह्यलं कोणी जुळवाले सांगतलं?"

"नवरीनं," पत्रू म्हणाला. "याची एकच प्रत काढून द्या म्हणे, बाबाले दाखवाले. छापाचं दुसरंच आहे."